पायी पाहिलेले बेळगाव

निपाणीचा मनुष्य लग्नाचा बस्ता बांधावयास जातो तो कोल्हापुरास. बेळगावास तो जातो कचेरीच्या कामाला, कोर्टाच्या तारखेला किंवा इस्पितळात कोणी आप्त असल्यास त्याला भेटावयास. काम उरकले की मिळेल त्या गाडीने तो परत फिरतो. त्यामुळे बेळगाव हे आमच्या जिल्ह्याचे ठिकाण असूनही आमच्यापैकी बहुतेकांना ते बसस्थानकापासून कचेरीपर्यंतच ठाऊक होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल बेळगावास नेण्याचे ठरले, तेव्हा प्रथम आम्हां सर्वांचा थोडा हिरमोडच झाला. समुद्र नाही, धबधबा नाही, आणि भरीस भर म्हणजे इतिहासाच्या सरांनी सांगितले की, शहरात वाहन मिळणार नाही. सगळे चालत पाहावयाचे. निघताना त्यांनी आम्हांला एक प्रश्न मात्र दिला : "बेळगाव हे एक गाव नव्हे. ती किती गावे आहेत, ते चालून मोजा आणि परतताना मला सांगा."

हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. जगातील पुष्कळ मोठी शहरे अशीच सांध्यांची बनलेली आहेत. युरोपातील हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा व ओबुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी ही निरनिराळी शहरे होती. १८७३ साली ती एकत्र करण्यात आली आणि त्यांचे नावही एकमेकांना जोडले गेले. तेथे जाणारे प्रवासी हातात नकाशा घेऊन दिवसभर पायी हिंडतात, त्याचे कारण हेच. मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता सलग दिसतो. एका वस्तीची घरे कोठे संपली, दुसरीची कोठे सुरू झाली, रस्ता मध्येच अरुंद का झाला, हे त्याला कळत नाही. पायांना मात्र ते कळते.

बेळगावाची मांडणी समजावयास अगदी सोपी आहे. पूर्वेस किल्ला, पश्चिमेस लष्कराची छावणी, म्हणजे कॅम्प, आणि या दोहोंच्या मध्ये जुनी पेठ. दक्षिणेस रेल्वेच्या रुळांपलीकडे शहापूर आणि त्याला लागून टिळकवाडी. एवढे मनात ठेवले म्हणजे परका मनुष्य येथे सहसा चुकत नाही.

बसस्थानकातून बाहेर पडले की किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या मनातील किल्ला म्हणजे डोंगरावरचा. येथे डोंगर नाही. सपाट भूमीवर सुमारे शंभर एकरांचा घेर, भोवती रुंद व खोल खंदक आणि मग तट, असा हा भुईकोट आहे. दरवाजाशीच गणपती आणि दुर्गादेवी यांची देवळे आहेत. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी येथे आणली. त्या वेळी गावाचे नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव, असे होते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली येथे जे जिनालय उभारले, तीच आजची कमल बस्ती होय. आमच्या भागात जैन देवळाला बस्ती म्हणतात, हे वाचकांस माहीत आहेच.

बस्तीत नेमिनाथांची मूर्ती आहे. परंतु पाहणाऱ्याची नजर आधी वर जाते. मंडपाच्या छतातून दगडाचे एक मोठे कमळ खाली उमललेले आहे. त्याला बहात्तर पाकळ्या असून त्या भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या आहेत, असे सांगतात. आम्ही माना वर करून मोजावयास लागलो. कोणाच्या साठ भरल्या, कोणाच्या ऐंशी. शेवटी माना दुखू लागल्या आणि गणिताचा विषय तेथेच सोडून द्यावा लागला. मंडपाचे काळे खांब इतके घोटीव आहेत की, त्यांत आपली अंधुक आकृती दिसते. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगड असा कसा गुळगुळीत केला असेल, या विचारात आमच्यातील सुताराचा मुलगा बराच वेळ एका खांबावरून हात फिरवीत उभा राहिला होता.

या बस्तीसंबंधीचे दोन शिलालेख आज येथे नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जुन्या कन्नड भाषेतील त्या लेखांत कार्तवीर्याने जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद असून वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर देवळासाठी काही देणे लावून घेतल्याचाही उल्लेख आहे. त्या व्यापाऱ्यांत लाट देशाचे, म्हणजे आजच्या गुजरातेकडील, आणि मलयाळ देशाचे, म्हणजे केरळाकडील लोकही होते. तात्पर्य, ज्या काळी आपल्या या भागात ना रेल्वे होती ना सडक, त्या काळीही या गावच्या बाजारात चार भाषा कानी पडत असल्या पाहिजेत. आपल्या गावची एवढी मोलाची कागदपत्रे पाहावयास सातासमुद्रांपलीकडे जावे लागावे, याचे आम्हांला वाईट वाटले. दगड तेथे सुरक्षित आहेत हे खरे, पण ज्या मातीविषयी ते बोलतात ती येथे आहे.

बस्तीपासून थोडे चालले की सफा मशीद लागते. १४७२ च्या सुमारास बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने बेळगावास वेढा दिला. खंदकामुळे किल्ला हाती येईना, तेव्हा त्याने तटाखाली सुरुंग लावून भिंत उडविली. दख्खनमध्ये सुरुंगाचा असा वापर तोवर फारसा कोणी पाहिलेला नव्हता. पुढे किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि तिचा मातबर सरदार असदखान लारी याने येथे दीर्घकाळ कारभार केला. ही मशीद त्याच्याच नावाशी जोडली जाते. परंतु आम्हांला सर्वांत नवल वाटले ते मशिदीच्या खांबांचे. त्यांपैकी दोन खांबांवर जुने लेख आहेत. एक ११९९ सालचा, रट्टांच्या वेळचा. दुसरा १२६१ सालचा, देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या वेळचा. त्यांची भाषा कन्नड आहे आणि लिपी नागरी!

हे ऐकताच आमच्यात एकच गलका झाला. ज्या अक्षरांत हा लेख तुम्ही वाचीत आहां त्याच अक्षरांच्या पूर्वजांत लिहिलेली कन्नड भाषा, आणि ती मशिदीच्या खांबावर. सहलीत आमच्याबरोबर कन्नडच्या बाईही होत्या. त्या म्हणाल्या, "मला भाषा येईल, तुम्हांला अक्षरे येतील. दोघांनी मिळून वाचावे लागेल." आमच्या वर्गातील एक मुलगा घरी उर्दू वाचतो, त्याने फारसी लेखांची अक्षरे लावण्याचा प्रयत्न केला व काही शब्द ओळखलेही. एका आवारात दोन लिप्या आणि त्या वाचण्यासाठी तिघांची गरज, असा प्रसंग शाळेच्या तासाला कधी आला नव्हता.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावास आले, तेव्हा ते प्रथम रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्या घरी उतरले आणि नंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातील बंगल्यात राहिले. शिकागोची परिषद व्हावयास तेव्हा जवळजवळ एक वर्ष होते आणि या तरुण संन्याशाला फारसे कोणी ओळखत नव्हते. किल्ल्यात लष्कराच्या ताब्यातील जागाही आहेत. तिकडे जाऊ नये.

किल्ल्यातून बाहेर पडून आम्ही पेठेत शिरलो, आणि दोन गावांमधला सांधा पायांना लगेच जाणवला. किल्ल्यातील रस्ते रुंद व निवांत. येथे गल्लीत गल्ली, आणि गर्दी इतकी की रांग मोडून जो तो आपापल्या वाटेने निघाला. बेळगावच्या गल्ल्यांची नावे वाचीत जाणे हीच एक करमणूक आहे. गणपत गल्ली आणि मारुती गल्ली ही नावे देवांची. रिसालदार गल्ली हुद्द्याची. माळी गल्ली आणि कुंभार गल्ली धंद्यांच्या. कडोलकर गल्ली, कंग्राळ गल्ली यांची नावे ऐकली की जवळच्या कडोली, कंग्राळी या खेड्यांची आठवण होते. चौकाला येथे खूट म्हणतात : शनिवार खूट, यंदे खूट. पांगुळ गल्लीत तर अश्वत्थाम्याचे देऊळ आहे. महाभारतातील ज्या पुरुषाला चिरंजीव असण्याचा शाप मिळाला, त्याला भर बाजारात घर मिळालेले पाहून आम्ही सारे चकित झालो.

खडेबाजारातून जाताना दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी उर्दूमिश्रित हिंदीत बोलत होते. भाव मात्र तिन्ही भाषांत सारखाच सांगत होते. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झालेले आहे. म्हणजे मुंबईहून पहिली आगगाडी सुटण्याच्याही पाच वर्षे आधी या गावात वाचकांनी एकत्र येऊन पुस्तके जमविली होती. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्यातच झाला. पुढे २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा संमेलन भरले.

किर्लोस्कर रोडवर आलो तेव्हा सरांनी विचारले की, हे नाव कसे पडले असावे. कोणी म्हणाले नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर, कोणी म्हणाले मासिक. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले, हे फार थोड्यांना माहीत होते. कारखान्याची जागा सोडावी लागल्यामुळे १९१० साली ते औंध संस्थानात गेले व तेथील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. ती जागा सोडावी लागली नसती तर आज बेळगाव कसे असते, यावर आमच्यात बराच वाद झाला.

जवळच हुतात्मा चौक आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील हा भाग १ नोव्हेंबरपासून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी त्याच वर्षी जानेवारीत येथे झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मरण पावली. त्यांचे हे स्मारक. २००४ पासून हा सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याचा निवाडा करणे हे शाळेच्या अंकाचे काम नव्हे. आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो. आमच्यापैकी एकाचे आजोबा त्या दिवसांत निपाणीच्या मोर्चात होते. ते घरी याविषयी कधी बोलत नाहीत, असे त्याने तेव्हा आम्हांला सांगितले.

दुपारी आम्ही कपिलेश्वराच्या देवळात गेलो. याला येथील लोक दक्षिण काशी म्हणतात. गणेशोत्सवाच्या शेवटी शहरातील मोठ्या मिरवणुका येथल्याच तलावाकडे येतात. देवळाजवळून रेल्वेचे रूळ जातात. ओट्यावर बसून आम्ही भाकरी सोडली आणि बाजारातून घेतलेला कुंदा खाल्ला. दूध आटवून, साखर घालून तांबूस होईपर्यंत परतलेला हा गोड पदार्थ बेळगावची खूण आहे. त्याच्या वाटणीवरून थोडी कुरबूर झाली, ती येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही.

रुळांपलीकडे शहापूर. आज आपण बोलताना त्याला बेळगावचाच एक भाग समजतो, आणि चालत गेलो नसतो तर आम्हीही तसेच समजलो असतो. परंतु ब्रिटिश अमदानीत हे गाव परराज्यातले होते! १८१८ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत सुमारे तीन आठवडे वेढा घालून जनरल मन्रो याने पेशव्यांकडून बेळगावचा किल्ला घेतला आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात गेले. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिले. संस्थाने १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ही स्थिती कायम होती. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे येथील माणूस सकाळी सांगली संस्थानातील आपल्या घरून निघून इंग्रजांच्या बाजारात भाजी घेत असे आणि जेवावयास पुन्हा संस्थानात येत असे. मध्ये ना नदी, ना डोंगर. सीमेची ती रेघ आम्ही फार शोधली. रस्त्यावर तिची खूण सापडली नाही. सापडली ती एका पाटीवर : शहापुरातील सरकारी शाळेला चिंतामणरावांचे नाव आहे, आणि चिंतामणराव हे सांगलीच्या पटवर्धन अधिपतींचे नाव.

शहापूर, वडगाव आणि खासबाग हा विणकरांचा भाग. शहापुरी लुगड्याचे नाव आमच्या आजीच्या तोंडी अजून आहे. येथील गल्ल्यांतून चालताना डोळ्यांआधी कान जागे होतात, कारण घराघरांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. वडगावात एका वृद्ध विणकराने आम्हांला दारात थबकलेले पाहिले आणि मशीन बंद करून हाक मारली, "या की रे पोरांनो आत, दारातनं काय दिसतंय?" मग त्यांनी ताणा आणि बाणा म्हणजे काय, धागा तुटला की माग आपोआप कसा थांबतो, काठाचा रंग वेगळा कसा भरतात, हे एकेक करून दाखविले. ते आमच्याशी मराठीत आणि घरातील माणसांशी कन्नडमध्ये बोलत होते. हातमागाच्या काळात पूर्ण साडीला अनेक दिवस लागत, असे ते म्हणाले. "आता मुलं ह्यात राहायचं नाही म्हणतात. एकजण बेंगळुराला गेला, एकजण पुण्याला," असे सांगून त्यांनी पुन्हा माग सुरू केला, आणि त्या आवाजात पुढचे बोलणे बुडाले. निपाणीत विड्या वळणाऱ्या घरांतूनही आम्ही हेच शब्द ऐकले आहेत.

शहापुरातून टिळकवाडीस आलो तेव्हा ऊन उतरले होते. येथे गल्ल्या संपतात. आखीव रस्ते, अंगणे आणि झाडे सुरू होतात. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलात आपल्या होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली होती. त्यानंतर आठ वर्षांनी, २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी, काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन टिळकवाडीत भरले. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते येथे. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर असे नाव देण्यात आले होते. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे, आपल्याच जिल्ह्यातील हुदलीचे. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी असलेले हे गृहस्थ 'कर्नाटकसिंह' म्हणून ओळखले जात. आजच्या वाचकाने या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली.

हजारो माणसांना पाणी पुरावे म्हणून त्या वेळी एक विहीर खणली होती. तिला पंपा सरोवर असे नाव दिले होते. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. शेजारी वीरसौध हे स्मारक आहे. २०२४ मध्ये अधिवेशनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा सगळ्या शहरभर दिव्यांची रोषणाई झाली होती. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे आमच्याखेरीज दोन शाळकरी मुले तेवढी होती, तीही सावलीत बसून गृहपाठ करीत होती. मंडप, कमानी, तंबू यांतले काही उरले नाही. तहानेसाठी खणलेली विहीर तेवढी राहिली.

कॅम्पविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे पोहोचेपर्यंत आमचे पाय बोलू लागले होते. १८१८ नंतर इंग्रजांनी येथे छावणी वसविली आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढलेला बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला. आमच्या निपाणीकरांना कचेरीच्या कामासाठी इतक्या लांब का यावे लागते, त्याचे मूळ असे या छावणीच्या काळात आहे. सेंट मेरी चर्चची दगडी इमारत, मोठ्या आवारांचे कौलारू बंगले, गर्द झाडी, हे सारे पाहून आपण दुसऱ्याच देशात आलो असे वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही बेळगावातच आहे. आमच्या गावातील कित्येक घरांतील तरुण तेथूनच सैनिक होऊन बाहेर पडले. पु. ल. देशपांडे येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या 'गणगोत'मधील रावसाहेब हेही बेळगावचेच.

ज्यांना अशी फेरी करावयाची असेल त्यांनी सकाळी आठापूर्वी किल्ल्यात पोहोचावे, बस्तीत व मशिदीत पादत्राणे बाहेर ठेवावीत, आणि कन्नड वाचणारा एक व मराठी वाचणारा एक अशा जोडीने हिंडावे. २०१४ च्या नोव्हेंबरापासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले आहे. लोकांच्या तोंडी दोन्ही नावे आहेत, आणि गाडी कोणत्याही नावाने विचारली तरी मिळते.

परतीच्या गाडीत सरांनी उत्तर मागितले. मुलींनी पाच गावे मोजली होती : किल्ला, पेठ, शहापूर, टिळकवाडी आणि कॅम्प. मुलांचे म्हणणे असे की, वडगाव वेगळे धरावे, म्हणजे सहा होतात. सुताराचा मुलगा म्हणाला की, किल्ल्यातच तीन आहेत. सरांनी सर्व उत्तरे वहीत लिहून घेतली. परंतु कोणते बरोबर ते सांगण्यापूर्वीच संकेश्वर आले आणि त्यांना झोप लागली.